पाठीवर पिल्लं घेतलेला तो मोठा कोळी: फोटोवरून जात सांगता येते का?

प्रश्न राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतून आला आहे. रात्री नवाच्या सुमारास खळ्याच्या कडेला, जांभ्याच्या गडग्याच्या पायथ्याशी एक मोठा तपकिरी कोळी दिसला. पाय धरून जवळजवळ तळहाताएवढा. पाठ खरखरीत, फोड आल्यासारखी वाटत होती. बॅटरी जवळ नेल्यावर कळलं की ती पिल्लं आहेत. सोबत दोन फोटो आहेत, दोन्ही वरून घेतलेले आणि थोडे हललेले. एकात शेजारी रबरी चप्पल आहे, म्हणून आकाराचा अंदाज तरी येतो. विचारलेल्या गोष्टी तीन: ही जात कोणती, हा टॅरँटुला तर नव्हे, आणि घरात लहान मुलं आहेत तर मारून टाकावा का.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. हा लांडगा कोळी आहे, म्हणजे लायकोसिडी कुळातला, आणि ही मादी आहे. एवढं खात्रीनं. आज ज्याला टॅरँटुला म्हणतात तो हा नव्हे. मारायचं कारण नाही. आणि जात? ती या दोन फोटोंवरून कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्यात तुमच्या फोटोंचा दोष थोडा आणि या कुळाचा स्वभाव जास्त आहे.

कुळाबद्दल इतकी खात्री कशी, तर पिल्लांमुळे. लांडगा कोळ्याची मादी अंडी एका गोल पिशवीत ठेवते आणि ती पिशवी पोटाच्या टोकाला, सूत काढणाऱ्या अवयवांना चिकटवून जिथे जाईल तिथे मागे ओढत नेते. या गोळीच्या मधोमध एक पुसट शिवण असते, लाडू दोन अर्धुकांनी वळल्यासारखी. पिल्लं तयार झाली की आई ती शिवण जबड्यानं उसवते, पिल्लं बाहेर येतात आणि तिच्या पायांवरून चढून पोटाच्या वरच्या बाजूला, पाठीवर, जाऊन बसतात. तिथले केस त्यांना धरायला सोयीचे असतात. काही दिवस, साधारण आठवडाभर, ती अंगातल्या शिल्लक बलकावर जगतात आणि मग एकेक करून उतरून पांगतात. गोळी मागे बांधून फिरणं आणि नंतर पिल्लं पाठीवर वाहणं ही जोडी आपल्याकडच्या कोळ्यांत लांडगा कोळ्यांची ओळखच आहे. विंचवीणही पिल्लं पाठीवर घेते, पण ती पांढरी असतात आणि नांगीकडे बघितलं की प्रश्न मिटतो.

पिल्लं नसती तर डोळ्यांवर जावं लागलं असतं. पुढच्या वेळी बिनपिल्लांचा मोठा कोळी दिसला तर पाठीवरची नक्षी पाहू नका, तोंडाकडून डोळे पाहा. लांडगा कोळ्याला आठ डोळे असतात आणि ते तीन ओळींत बसतात. खाली, जबड्याच्या लगेच वर, चार बारीक डोळ्यांची ओळ. तिच्यावर दोन मोठे डोळे, मोटारीच्या दिव्यांसारखे सरळ समोर बघणारे. आणखी वर आणि मागे दोन मध्यम डोळे, आकाशाकडे आणि बाजूला बघणारे. वरच्या चार डोळ्यांचा एक चौकोन होतो. हा चौकोन आणि खाली चार टिकल्यांची ओळ दिसली की कुळ पक्कं झालं. फोन दातांच्या डॉक्टरसारखा समोरून धरावा लागतो, म्हणून बहुतेक लोक हा फोटो घेत नाहीत आणि नेमका हाच सगळ्यात कामाचा असतो.

कोकणातल्या घरात यांच्याशी सर्रास गल्लत होते ती भिंतीवरच्या मोठ्या चपट्या कोळ्याची. त्याला इंग्रजीत हंट्समन म्हणतात, शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनेटोरिया. न्हाणीघरात, पडवीच्या वाशांवर, कॅलेंडरच्या मागे असतो तो. त्याचे पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले, अंग चपटं, फटीत सरकायला सोयीचं, आणि डोळे चार-चारच्या दोन ओळींत. त्याच्या मादीचीही अंड्यांची पिशवी असते, पण ती पांढरट, चपटी, पापडीसारखी, आणि ती ती छातीखाली धरून हिंडते. म्हणजे गोळी पोटाच्या मागे असेल तर लांडगा कोळी आणि चकती छातीखाली असेल तर हंट्समन. ओढ्याकाठी, विहिरीच्या आतल्या पायऱ्यांवर मिळणारे पिसॉरिडी कुळातले कोळी अंगानं लांडगा कोळ्यासारखेच दिसतात, पण गोळी जबड्यात धरतात आणि पिल्लं पाठीवर न घेता पानांत सुताचा पाळणा करून त्यात सोडतात.

आता टॅरँटुला. गंमत अशी की मूळचा टॅरँटुला हा लांडगा कोळीच. इटलीतल्या तारांतो गावावरून ज्याचं नाव पडलं तो लायकोसा टॅरँटुला. पुढे अमेरिकेत गेलेल्या युरोपीय लोकांनी तिथल्या भल्यामोठ्या केसाळ कोळ्यांना तेच नाव लावलं आणि मूळ मालक मागे पडला. आज टॅरँटुला म्हणजे थेराफोसिडी कुळ. तेही आपल्याकडे आहे. थ्रिग्मोपस ही पश्चिम घाटातलीच प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत बिळं करते आणि कायलोब्रॅकिस गोवा-कर्नाटकाकडून दक्षिण कोकणापर्यंत आहे. त्यामुळे 'कोकणात टॅरँटुला नसतात' असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. फक्त तुमचा हा नव्हे.

फरक कसा ओळखायचा? टॅरँटुलाचे आठही डोळे डोक्यावरच्या एका छोट्या टेकाडावर दाटीवाटीनं असतात. लांबून डोळे दिसतच नाहीत. पाय जाड, टोकापर्यंत तेवढेच जाड, टोकाला मखमली गादी. विषदंत दोन्ही समांतर, कुदळीसारखे वरून खाली पडणारे. लांडगा कोळ्याचे चिमट्यासारखे समोरासमोर येणारे. मेलेला मिळाला तर उलटा करून पोट बघा. टॅरँटुलाच्या पोटाखाली फिकट डागांच्या दोन जोड्या दिसतात, म्हणजे श्वसनाच्या पुस्तकफुप्फुसांच्या. लांडगा कोळ्यात एकच जोडी. ही खूण झिजत नाही की रंगानं बदलत नाही.

इथवर सोपं होतं. जातीचं काय ते आता.

उतरंड अशी असते: कुळ, त्याखाली प्रजाती (इंग्रजीत जीनस), त्याखाली जाती (स्पीशीज). जगात लायकोसिडी कुळात २,४०० हून जास्त जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक तपकिरी, करड्या, काळपट आहेत. साहजिक आहे, जमिनीवर राहणाऱ्याला मातीच्याच रंगाचं असणं परवडतं. बहुतेकांच्या शिरोवक्षावर, म्हणजे डोकं आणि छाती मिळून झालेल्या पुढच्या भागावर, मधून फिकट पट्टा आणि दोन्ही बाजूंना गडद पट्टे असतात. तुमच्या फोटोत दिसतो तो 'पाठीवरचा पट्टा' हाच, आणि तो शेकडो जातींत आहे. शिवाय एकाच जातीत रंग बदलतो. नुकती कात टाकलेली मादी उजळ आणि मखमली दिसते, तीच दोन-तीन महिन्यांनी केस झडून काळपट आणि टकली. जांभ्याच्या लाल मातीत राहणारीच्या अंगावर माती बसून ती तांबूस वाटते. म्हणून रंगावरून नाव ठेवणं म्हणजे माणसाची जात सदऱ्यावरून सांगण्यासारखं.

मग ओळखतात कशावरून? जननेंद्रियांवरून. मादीच्या पोटाखाली, दोन फुप्फुसांच्या मधोमध, आडव्या भेगेच्या लगेच पुढे एक कडक, गडद, बारीक ढलपी असते. तिला एपिजिन म्हणतात. लांडगा कोळ्यांच्या पुष्कळ प्रजातींत तिच्या मधोमध उलट्या इंग्रजी टी अक्षरासारखी कणी दिसते. त्या कणीची रुंदी, दांड्याची लांबी, टोकांचा आकार यावरून जाती वेगळ्या होतात. नरात तोंडालगतचे जे दोन आखूड पायांसारखे अवयव असतात, पुस्तकी भाषेत पादमृश, त्यांच्या टोकाला बोंड असतं. त्याची आतली घडण कुलपाच्या किल्लीसारखी प्रत्येक जातीची वेगळी. या दोन्ही गोष्टी शेवटची कात टाकल्यावरच तयार होतात. म्हणजे कोळी कितीही मोठा दिसला तरी वयात आलेला नसेल तर जगातला कोणताही तज्ज्ञ त्याची जात बाह्यरूपावरून सांगू शकत नाही. तुमची मादी पिल्लांसकट आहे, म्हणजे वयात आलेली नक्की. तेवढी अडचण कमी.

पण दुसरी अडचण आहे आणि ती आपल्या हातातली नाही. भारतातल्या मोठ्या लांडगा कोळ्यांची बरीच नावं लायकोसा या एकाच प्रजातीखाली आहेत. कोळ्यांचे अभ्यासक पोकॉक यांनी १९०० च्या आसपास, ग्रेव्हली यांनी १९२४ मध्ये आणि टिकादर व मल्होत्रा यांनी १९८० मध्ये यातल्या बहुतेकांची वर्णनं केली. त्या काळी लायकोसा म्हणजे मोठा लांडगा कोळी ठेवायची कोठी होती. खरी लायकोसा प्रजाती भूमध्य समुद्राकाठची, त्या इटालियन टॅरँटुलाची. आपल्याकडच्या कित्येक जाती पुढेमागे दुसऱ्या प्रजातींत हलवाव्या लागतील. काहींची फक्त मादी माहीत आहे, नर नाही. काहींची फक्त नराची चित्रं आहेत. म्हणून जुन्या किल्ल्या (खुणांवरून नाव शोधायचे तक्ते) वापरून 'लायकोसा अमुक' असं नाव निघालं तरी मी ते पेन्सिलीनंच लिहीन. तुमच्या फोटोंखाली आज मी लिहीन ते इतकंच: लायकोसिडी, मोठी जमिनीवरची मादी, लायकोसा किंवा हॉग्ना या प्रजातींच्या जवळची.

तरी कुळाच्या खाली एक पायरी उतरायला जागा फार मदत करते. कोकणात लांडगा कोळी जागा वाटून घेतल्यासारखे राहतात. सकाळी दवात भाताच्या बांधावर, अंगणातल्या हिरवळीवर, गडग्याच्या फटीत पांढऱ्या चादरी पसरलेल्या दिसतात आणि एका कोपऱ्यात नरसाळ्यासारखं भोक. ते बहुधा हिप्पासाचं काम. लांडगा कोळी जाळं विणत नाहीत हे शाळेतलं वाक्य हिप्पासाला लागू नाही. पाठीमागे सूत काढणारे दोन लांब अवयव बाहेर आलेले दिसतात, तीच त्याची खूण. भातखाचरात पाण्याच्या वर रोपावरून रोपावर उड्या मारणारे बोटाच्या पेराहूनही लहान ते पार्डोसा. त्यातली पार्डोसा स्यूडोअ‍ॅन्युलाटा ही भातावरचे तपकिरी तुडतुडे खाण्यासाठी नावाजलेली. हे दोन्ही तुमच्या मादीपुढे चिल्लीपिल्ली. तिचा मुक्काम वेगळा: कातळावरच्या सड्याची कड, कलमांची बाग, गडग्याचा पाया, खळ्याच्या बाजूची न सारवलेली माती.

अशा मोठ्या माद्या बऱ्याचदा बीळ करतात, म्हणून दिवसा बीळ शोधा. पण कोकणात जमिनीत भोकं पुष्कळ जणांची असतात. कोळ्याचं भोक गोल असतं, कडेला सुताचं अस्तर, आणि काही जातींत गवताच्या काड्या, सुरूच्या सुया, माती सुतानं बांधून केलेला छोटा कठडा. काडीनं कड हलकेच उचलली तर ती फाटत नाही, कापडासारखी उचलली जाते. ही परीक्षा खात्रीची. विंचवाचं भोक चपटं, चंद्रकोरीसारखं किंवा लंबगोल, कारण त्याला नांग्या आडव्या घेऊन आत शिरायचं असतं. बांधावरच्या खेकड्याच्या भोकाशी चिखलाचे गोळे. पुळणीवर भोक दिसलं आणि भोवती वाळूचा फुफाटा फेकलेला असला, आत सूत नसलं, तर तो धावरा खेकडा, कोळी नव्हे. निदान आठ पायांचा नव्हे. होडीवरचा कोळी तिथे असेलच. भोकात बोट किंवा काडी खोल घालू नका. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यावर त्याच फटींत फुरसं असतं.

रात्री शोधायचं तर बॅटरी हातात खाली धरून उपयोग नाही. ती कानशिलाशी, डोळ्याच्या रेषेत धरा किंवा कपाळावरची वापरा. लांडगा कोळ्याच्या मोठ्या डोळ्यांच्या आत आरशासारखा थर असतो. प्रकाश आला तसाच परत जातो, म्हणून बॅटरी आणि तुमचा डोळा जवळजवळ असले तरच चमक दिसते. निळसर-हिरवा बारीक ठिपका, सुईच्या टोकाएवढा, दहा-पंधरा पावलांवरून. दवबिंदूही चमकतात, पण तुम्ही मान हलवली की दवाचा रंग बदलतो आणि चमक विझते. कोळ्याची तशीच राहते. पिल्लं पाठीवर असलेली मादी समोर आली तर एका मोठ्या ठिपक्याभोवती चांदीचा चुरा सांडल्यासारखं दिसतं. ती पिल्लांची डोळ्यांची चमक. पायात बूट घाला, चपला नकोत, आणि गडग्यावर हात टेकवू नका. कारण वर सांगितलंच.

आता फोटो. जातीपर्यंत जायचं तर चार फोटो लागतात: वरून पूर्ण, समोरून डोळे, बाजूनं, आणि पोटाकडून. पहिले तीन मोकळ्यावरही मिळतात. पोटाकडचा फोटो मिळत नाही म्हणून लोक सोडून देतात, पण मोठ्या लांडगा कोळ्यांत पोटाचा आणि पायांच्या मुळांचा खालचा रंग, काळा पट्टा आहे की नाही, हे वरच्या नक्षीपेक्षा जास्त सांगून जातं. आणि एपिजिन तर तिथेच.

त्यासाठी घरी करता येण्याजोगी युक्ती आहे. ताकाचे मिळतात तसे दोन मोठे पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास घ्या, एकात एक बसणारे. पहिल्याचं बूड कात्रीनं कापून काढा आणि त्या जागी स्वयंपाकघरातली पातळ पारदर्शक फिल्म ताणून रबरबँडनं घट्ट बसवा. सुरकुती राहिली तर फोटो बिघडतो. दुसऱ्या ग्लासच्या बुडाला, बाहेरून, गादीचा दोन सेंटीमीटर जाडीचा मऊ स्पंज गोल कापून चिकटवा. कोळी पहिल्या ग्लासात तोंडाकडून घ्या: त्याच्यावर ग्लास उपडा ठेवायचा, खालून लग्नपत्रिकेचा जाड कागद सरकवायचा, मग ग्लास उलटा करायचा. कोळी आता फिल्मवर उभा असतो. वरून स्पंजवाला ग्लास हळूहळू आत ढकला, त्याचे पाय पसरून हालचाल थांबेल इतकंच, आणि दोन्ही ग्लास एकत्र धरून उलटे करा. पोट फिल्मला टेकून तुमच्या समोर येतं. फ्लॅश समोरून मारला की फिल्म चकाकते. प्रकाश बाजूनं द्या आणि बॅटरीवर टिश्यू पेपरची एक घडी धरा. फोनला लावायचं दोनशे-तीनशे रुपयांचं मॅक्रो भिंग पुरतं. मिनिटभरात फोटो घेऊन स्पंज मागे घ्या. ज्याला हे करून पाहायचं आहे त्यानं आधी एखाद्या झुरळावर सराव करावा, दाब किती द्यायचा ते हाताला कळतं.

हे सगळं गोळी बांधलेल्या किंवा पिल्लं घेतलेल्या मादीवर करायचं नाही. पिल्लं सांडतात, चेंगरतात आणि उरलेली पुन्हा चढतीलच असं नाही. तुमच्या मादीला आठवडा-दीड आठवडा द्या. ती त्याच गडग्याच्या आसपास असेल. पिल्लं उतरल्यावर मग ग्लास काढा.

मोजमाप हा आणखी एक ठेचकाळायचा दगड. 'पाय धरून तळहाताएवढा' यातून काही कळत नाही, कारण पाय पसरलेत की आखडलेत त्यावर निम्मा फरक पडतो. तज्ज्ञ मापतात ते पाय सोडून, डोळ्यांपासून पोटाच्या टोकापर्यंत. आणि त्यातही पोटावर फारसा भरवसा ठेवत नाहीत, कारण पोट खाल्लं की फुगतं, अंडी घातली की सुरकुततं. शिरोवक्षाची लांबी मात्र कडक कवचाची, ती पुढच्या कातीपर्यंत हलत नाही. फोटोत माप दिसायला कोळ्याच्या पातळीवर दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर. एक रुपयाचं नको. वेगवेगळ्या वर्षांची नाणी वेगवेगळ्या मापाची आहेत. तुमच्या फोटोतल्या चपलेवरून हिशेब केला तर शरीर अंदाजे दोन ते अडीच सेंटीमीटर भरतं. मोठ्या लांडगा कोळ्याच्या मादीला हे शोभतं.

फोटोबरोबर लिहून ठेवायचं ते: गाव, तालुका, तारीख, वेळ, जागेचं नेमकं वर्णन (सडा, बाग, भाताचा बांध, पुळण), बीळ होतं की नव्हतं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर टाकलंत तर अ‍ॅप लगेच नाव सुचवतं. ते कुळापर्यंत मानावं. सुचवलेली जात युरोपातली किंवा अमेरिकेतली निघाली तर ते अ‍ॅपनं दिसण्यावरून ठोकलेलं आहे असं समजा आणि 'लायकोसिडी' एवढंच निवडून पुढे जा. चुकीचं नाव एकदा बसलं की मागचे दहाजण तेच उचलतात.

कधी मेलेली मादी मिळाली, टाकीत बुडालेली किंवा पायाखाली आलेली, तर फेकू नका. छोट्या बाटलीत सत्तर टक्क्यांच्या स्पिरिटमध्ये ठेवा. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाका. शाई स्पिरिटात उतरते आणि बाहेर चिकटवलेलं लेबल पहिल्याच पावसाळ्यात सुटतं. ठिकाण-तारखेशिवायचा नमुना कितीही सुंदर असला तरी अभ्यासाच्या उपयोगाचा राहत नाही. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईत १८८३ साली सुरू झालेली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी. तुलनेसाठी जुने नमुने अशा ठिकाणी असतात. जिवंत कोळी मुद्दाम मारून पाठवू नका, आणि अभयारण्याच्या हद्दीतून तर मेलेलाही वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलायचा नाही.

राहिला मुलांचा प्रश्न. लांडगा कोळ्याला विष असतं, जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना असतं, पण माणसाला त्यापासून गंभीर धोका नाही. हातात चिरडला, बुटात दाबला गेला तर चावतो. दुखतं, थोडी सूज आणि लाली येते, उतरते. चावलेली जागा साबणानं धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा. सूज पसरत गेली, श्वास लागला किंवा अंगावर गांधी उठल्या तर डॉक्टरकडे जा. 'कोळी चावला की मांस सडतं' असं म्हणतात त्याचं एक मूळ ब्राझीलमध्ये आहे. तिथे तसा दोष लांडगा कोळ्यावर ठेवला जाई. साव पावलो इथे चाव्याच्या ५१५ रुग्णांची तपासणी करून १९९० मध्ये निष्कर्ष मांडला गेला, त्यात एकाचंही मांस सडलेलं नव्हतं.

गडग्याच्या त्याच फटीत खरी भीती आहे ती लाल विंचवाची. त्याचं विष मुलांच्या हृदयावर जातं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून कोकणातली कितीतरी मुलं वाचवली. मुलाला काय चावलं ते दिसलं नसेल आणि घाम सुटला, वांती झाली, हातपाय गार पडले तर 'कोळीच असेल' म्हणत घरी थांबू नका. खळ्यात रात्री अनवाणी फिरू न देणं, बाहेर ठेवलेले बूट झटकून घालणं, गडग्याला टेकून लाकडं न रचणं, एवढं विंचवासाठी करालच. कोळ्यासाठी वेगळं काही नको.

आणि केरसुणी मारू नका, यामागे भूतदयेपेक्षा सोय जास्त आहे. पाठीवर पिल्लं असताना फटका बसला की ती एकदम चारी दिशांना उधळतात आणि एका कोळ्याऐवजी शंभर कोळी पडवीभर होतात. घराबाहेर काढायचीच असेल तर ग्लास-कागदानं उचलून गडग्यापलीकडे पाचोळ्यात ठेवा.

म्हणजे आज तुमच्या नोंदीत कुळ पक्कं, मादी पक्की, वयात आलेली पक्की, प्रजाती अंदाजे, जात रिकामी. ती जागा भरायची तर पिल्लं उतरल्यावर पोटाकडून एक फोटो पाठवा. या वेळी चपलेऐवजी दहाचं नाणं ठेवा.